दुखत न्हाई

फरशीवरचे डाग आईनं तीन दिवस पुसले. मागच्या दारापासून देवघरापर्यंत, पावला-पावलाच्या अंतरानं, लिंबोळीएवढे तांबूस ठिपके. पूजेच्या वेळी कुंकू सांडलं असेल आणि कुणाच्या तरी पायानं घरभर झालं असेल, असं तिला वाटलं. चौथ्या दिवशी ठिपके ओले लागले. मग तिनं आबांना खुर्चीत बसवलं आणि उजवा पाय उचलून बघितला. तळव्याला, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वर्षानुवर्षं जमलेल्या घट्ट्याच्या मधोमध एक भोक. तुरीच्या डाळीएवढं.

“कवा लागलं हे?”

“कुठं काय लागलंय? दुखत न्हाई, काय न्हाई.”

संध्याकाळी फोनवर मलाही त्यांनी तेच सांगितलं. “दुखत न्हाई गं. शाळा बुडवून येऊ नको.” मी सांगलीत शिक्षिका, आमचं गाव कृष्णाकाठी, एसटीनं तासाभरावर. मी गेले नाही. ‘दुखत नाही’ हे ऐकून मला खरोखर हायसं वाटलं होतं. लहानपणापासून आपण हेच शिकलेलो असतो. पडलेल्या पोराला पहिला प्रश्न ‘दुखतंय का?’ आणि ते ‘नाही’ म्हणालं की सगळं घर पुन्हा कामाला लागतं. आबांच्या बाबतीतही घर तसंच पुन्हा कामाला लागलं. फेब्रुवारी होता, शेतात हळदीची काढणी चालू होती, मजूर सांगितलेले होते.

आबांना तेव्हा मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांचे पाय काहीतरी सांगत होते, फक्त आम्हाला ती भाषा कळत नव्हती. आधी रात्री तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. पाय गार फरशीवर टेकवून ते बसायचे. मग ती आग आपोआप थांबली. आम्हाला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. खरं म्हणजे आग लागायला जे मज्जातंतू शिल्लक होते तेच संपत आले होते. त्यानंतर ते म्हणायला लागले, कापसावरून चालल्यागत वाटतंय. एकदा बांधावरून येताना डाव्या पायातली वहाण चिखलात निघाली आणि ते तसेच घरापर्यंत आले. उंबऱ्यावर वहाणा काढायला वाकले तेव्हा एकच पायात होती. आम्ही म्हणालो, वय झालं.

भोक दिसलं त्या रात्री आईनं त्यात हळद भरली. यात तिला दोष देणारी मी नाही. सांगलीची हळद आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या घरात तर ती पोत्यानं असते. कोयता लागला की हळद, विळीनं कापलं की हळद, बाळाची नाळ पडली की हळद. शेतात वाढलेल्या माझ्या गुडघ्यांवर जितके व्रण आहेत तितक्या वेळा आईनं चिमूट दाबलेली आहे, आणि प्रत्येक वेळी ती जखम भरली. पण ती दुखणाऱ्या गुडघ्यांवरची, उघड्यावरची, रक्त खेळतं असलेली खरचटणी होती. आबांच्या तळव्यात हळद बसली ती बुचासारखी.

हरिपूरची पेवं ज्यांनी बघितली असतील त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. जमिनीखालची ती हळदीची कोठारं, वरचं तोंड बंद केलं की वरून माणसं चालतात, गाड्या जातात, आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. आणि पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही, कारण कोंडलेली हवा जीव घेते. तळपायाची कातडी जाड असते. वरून घट्टा, त्यावर हळद, त्यावर पट्टी. आतला पू बाहेर यायला वाट नाही म्हणून तो आडवा पसरतो, स्नायूंच्या कप्प्यांमधून, हाडाकडे.

पाचव्या दिवशी आबा जवळच्या एका दवाखान्यात जाऊन आले. तिथं पट्टीवरूनच बघितलं गेलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पट्टी सोडली गेली नाही. मला या एका गोष्टीचा आजही राग येतो. गर्दी असते, वेळ नसतो, हे मी शाळेत साठ पोरांच्या वर्गात उभी राहून चांगलं समजू शकते. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची पट्टी न सोडता औषध देणं म्हणजे वही न उघडता सही करणं आहे.

त्या आठवड्यात आणखी एक खूण आली होती आणि तीही आम्ही चुकीची वाचली. एरवी १७०-१८० असणारी साखर एकदम ३४० झाली. खाण्यात काही बदल नव्हता. आईनं शेजारच्या गुऱ्हाळाला बोल लावला, आबांनी काकवी खाल्लीच असणार म्हणून. आबा शपथा घेत राहिले. शरीरात कुठंतरी जंतुसंसर्ग चालू झाला की साखर चढते, आणि ज्याचा पाय बोलत नाही, ज्याला ताप येत नाही, त्याच्या बाबतीत कित्येकदा हा आकडाच पहिली हाक असतो. मला हे नंतर कळलं.

रविवारी मी गेले तेव्हा घरात एक वास होता. त्याच दुपारी आबांना मिरजेला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा पायाकडे बघितलंच नाही. त्यांनी आबांची वहाण मागितली आणि तिच्यात हात घालून बोटं सावकाश फिरवली. एका जागी थांबल्या. टायरचा तळ ठोकताना मारलेली एक चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आली होती, दोन-तीन मिलिमीटर. “काका, ही किती दिवसांपासून?” आबांना माहीत नव्हतं. ते त्या चुकेवर उभं राहून हळद उकरत होते, काहिलीपाशी उभे होते, सांगलीच्या मार्केट यार्डात जाऊन आले होते.

मग दोन्ही पाय. बरा पायसुद्धा. बोटांच्या बेचक्या फाकवून बघितल्या, तिथं चिखल्यांनी कातडी पांढरी पडून फाटली होती. जंतूंना एवढी चीरही पुरते. नखं, टाचेच्या भेगा. पायाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे बोटं ठेवून नाडी बघितली, मग पेनाएवढं डॉप्लरचं यंत्र टेकवून तिचा आवाज आम्हालाही ऐकवला. नाडी चांगली लागली. त्या म्हणाल्या, हे तुमचं नशीब, कारण रक्तच पोचत नसेल तर शिरेतून दिलेलं औषधही पायापर्यंत पोचत नाही. तंबाखू खाणाऱ्यांच्या, मिश्री लावणाऱ्या बायकांच्या पायात हे फार दिसतं. तिथं आधी रक्तवाहिनी मोकळी करायला लागते, नाहीतर केलेली शस्त्रक्रियाही भरून येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचं तेच होतं. आईनं तेव्हा पदर तोंडाला लावला होता हे मला आठवतं. ती गेली चाळीस वर्षं मिश्री लावते.

नंतर त्यांनी एक नायलॉनचा धागा काढला. प्लॅस्टिकच्या दांडीला लावलेला, माशाच्या गळाला असतो तसा जाड. तो कातडीवर टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. एवढा दाब ज्याला कळत नाही त्याच्या पायाचं राखणदार संवेदन गेलं असं धरतात. आबांनी डोळे मिटले. लागलं की ‘हो’ म्हणायचं. बाईंनी अंगठ्याला टेकवला. करंगळीला. चवड्यावर तीन ठिकाणी. टाचेला. दुसऱ्या पायाला. मी मोजत होते. नऊ ठिकाणं झाली तरी खोलीत शांतता होती. मग आबाच डोळे न उघडता म्हणाले,

“लावा की आता.”

मी खिडकीकडे बघितलं. माझ्या वडिलांचे पाय इतके लांब गेले होते आणि मला माहीत नव्हतं.

जखमेची तपासणी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. बाईंनी आधी सगळी हळद धुऊन काढली. मग एक गोष्ट सांगितली जी मला कधी सुचली नसती. जखमेत जंतुसंसर्ग आहे की नाही हे डोळ्यांनी आणि हातांनी ठरवायचं असतं. सूज, लाली, ऊब, दाबल्यावर दुखणं, पू, यांतल्या निदान दोन खुणा हव्यात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली आधीच ओळखू येत नाही, त्यात हळदीचा पिवळा थर दिला तर तिचा काठ सापडतच नाही. आणि दुखणं तर या पायांत नसतंच. म्हणजे पाचांतल्या दोन खुणा आम्ही आणि आजारानं मिळून पुसून टाकल्या होत्या. पू आत कोंडलेला. उरली सूज, उरली ऊब. हाताच्या पाठीनं त्यांनी दोन्ही पाय चाचपले. उजवा तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तसा होता.

उघड्या जखमेवर जंतू असतातच, म्हणून वरवर कापूस फिरवून तपासणीला पाठवला की रिपोर्टात काहीतरी निघतंच, आणि त्या जोरावर औषधं चालू होतात. संसर्गाची खूण नसलेल्या जखमेला अँटिबायोटिक दिल्यानं ती लवकर भरत नाही, उलट जंतू औषधाला निर्ढावतात. नमुना घ्यायचा तो जखम साफ केल्यावर, खोल भागातल्या मांसाचा तुकडा. हे त्या आम्हाला सांगत होत्या की शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला, ते कळलं नाही, पण मी शिक्षिकेच्या सवयीनं मनात टिपून घेतलं.

घट्टा तासून काढला तेव्हा तुरीच्या डाळीएवढं भोक रुपयाच्या नाण्याएवढं झालं. आबा निवांत छताकडे बघत होते. भूल दिलेली नव्हती, लागलीच नव्हती. लालीच्या कडेनं बाईंनी पेनानं रेघ मारली आणि पट्टीनं मोजलं. जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि संसर्ग कातडीपुरता असेल तर सौम्य. त्याच्या पलीकडे पसरली किंवा खोल गेली तर मध्यम. आणि त्यासोबत ताप, नाडी नव्वदच्या वर, श्वास विसाच्या वर, पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर, यांतल्या दोन गोष्टी आल्या तर गंभीर, म्हणजे आता पायासोबत जीवही पणाला लागला. आबांना ताप नव्हता. पण रेघ दोन सेंटिमीटरच्या बरीच पलीकडे होती.

शेवटी बोथट टोकाची एक स्टीलची सळई त्यांनी भोकात हळूच सरकवली. मला आवाज आला नाही, पण त्यांचा हात थांबलेला दिसला. सळई टणक काहीतरी लागून थांबली होती. “हाड,” त्या म्हणाल्या. सळई हाडाला लागली तर हाडातही संसर्ग असल्याची शंका धरायची. एक्स-रे काढला तो जवळजवळ स्वच्छ आला. माझा जीव भांड्यात पडणार तोच त्यांनी सांगितलं की हाड पोखरलेलं एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे आजच्या चित्रावर विसंबायचं नाही.

पुढचं मी फार लांबवत नाही. दवाखान्यात दाखल, शिरेतून औषधं, साखर ताब्यात यावी म्हणून इन्सुलिन. ‘एकदा लागलं की सुटत न्हाई’ म्हणून आबांनी त्यावरून एक दिवस अबोला धरला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. कोंडलेला पू काढला, मेलेलं मांस काढलं, आणि अंगठ्याशेजारचं बोट हाडाच्या कुजलेल्या भागासकट गेलं. उरलेल्या हाडाच्या कडेचा नमुनाही तपासणीला गेला. त्यात जंतू निघाले म्हणून औषधं तीन आठवडे चालली, तीही प्रयोगशाळेचा रिपोर्ट आल्यावर बदलून. हाड न काढता नुसत्या औषधावर भागवायचं ठरलं असतं तर सहा आठवडे लागले असते.

मला ज्याबद्दल खरं सांगायचंय ते औषध संपल्यानंतरचं आहे.

आमच्या सगळ्यांची समजूत होती की जखम म्हणजे जंतू, जंतू मेले की काम झालं. बाई म्हणाल्या, औषधानं संसर्ग जातो, जखम भरते ती भार काढल्यानं. माणसाचं सगळं वजन दर पावलाला त्याच रुपयाएवढ्या जागेवर पडत राहिलं तर जगातलं कुठलंच मलम पुरं पडणार नाही. ज्याला दुखतं तो आपोआप लंगडतो, पाय तिरका टाकतो, आणि त्या लंगडण्यातच त्याचं बरं होणं असतं. आबा लंगडत नव्हते. ते भर जखमेवर ताठ, रुबाबात चालत होते. “संडासपातुर जाऊन आलो, दोन पावलांनी काय हुतंय?” म्हणून संसर्ग शमल्यावर त्यांच्या पायाला गुडघ्याखालपर्यंत एक प्लास्टर घातलं गेलं, तळव्याला सगळीकडून सारखं चिकटून बसणारं, म्हणजे भार एका जागी न पडता सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटला जातो. ते मुद्दामच घरी काढता न येणारं असतं. ज्याला वेदना अडवत नाही त्याला दुसऱ्या कशानं तरी अडवावं लागतं.

हे प्लास्टर मधुमेहासाठी निघालेलं नाही. आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या तळपायाच्या जखमांसाठी ते वापरलं जात होतं. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करत होते. ही बोटं आजारानं आपोआप झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे माणूस नकळत ती झिजवतो, भाजतो, चिरडतो, हे त्यांनी उलगडून दाखवलं. पुढे ते अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि भारतात शिकलेलं हे शहाणपण तिथून मधुमेहाच्या पायापर्यंत पोचलं. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराच्या चपलाही याच वाटेनं आल्या. मिरजेला तर हे सगळं परकं नाहीच. १८९४ मध्ये वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालेलं हे गाव, आणि इथंच रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही आहे.

प्लास्टर निघालं आणि आबांना एमसीआरच्या चपला घालायची वेळ आली. काळ्या, जाड, टाचेमागे पट्टा असलेल्या. आबांनी त्या बघितल्या आणि तोंड फिरवलं. “महारोग्याच्या चपला हायत त्या. मी न्हाई घालणार.” त्यांच्या लहानपणी मिरज स्टेशनाबाहेर हातापायांना चिंध्या बांधलेली माणसं बसायची, आजोबा त्यांचा दंड धरून रस्त्याच्या पलीकडून न्यायचे. ते दृश्य साठ वर्षं त्यांच्यात बसून होतं. माझी समजूत घालण्याची सगळी शक्ती तिथं संपली.

चपला करणारे गृहस्थ खाली पाटावर बसलेले होते. त्यांनी काही न बोलता आबांचा पाय मांडीवर घेतला, कागदावर ठेवून पेन्सिलीनं आकार काढला. तेव्हा आबांना त्यांचा हात दिसला. दोन बोटं पेरांपाशी आखडलेली होती. कुष्ठरोग होऊन, औषधानं पूर्ण बरे होऊन त्यांना कैक वर्षं झाली होती. आबा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं,

“तुमचं दुखायचं का हो?”

“न्हाई,” ते म्हणाले, “तिथंच तर फसलो.”

आबांनी चपला घातल्या. त्यानंतर त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण संकष्टीला सांगलीच्या गणपतीला गेलो तेव्हा मी बघितलं, तापलेल्या फरशीवर अनवाणी जाण्याऐवजी ते पायात जाड मोजे घालून आत गेले. एरवी त्यांनी कधीच ऐकलं नसतं.

आता दर शनिवारी मी गावी जाते. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की आबांच्या पाया पडते आणि मग तिथंच जमिनीवर बसते. जन्मभर त्यांच्या पाया पडत आले, सणाला, निकालाला, लग्नाला, प्रत्येक वेळी बोटांच्या वरच्या बाजूला हात लावून कपाळाला लावला. तळवा कसा आहे हे मी चाळिशी उलटेपर्यंत बघितलं नव्हतं. पाय दुसऱ्याकडे करणं आपल्यात अपमानाचं, लेकीच्या मांडीवर ठेवणं तर त्याहून. पहिल्या वेळी आबा इतके संकोचले की त्यांनी डोळ्यांवर टॉवेल घेतला. मी बॅटरी धरून बेचक्या बघते, दोन्ही पाय हाताच्या पाठीनं चाचपून एक जास्त गरम नाही ना हे बघते, चपलेत हात घालून खडे काढते. खोबरेल लावते, बोटांच्या मध्ये सोडून. गरम पाण्यात पाय बुडवणं आणि शेकणं बंद आहे. शेवटी त्यांना डोळे मिटायला सांगते आणि माझ्या बोटाच्या टोकानं अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना क्षणभर हलकं टेकवते. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. धागा नसला तरी घरी एवढं करता येतं, आणि दोन किंवा जास्त बोटांना स्पर्श कळला नाही तर पाय जोखमीचा. आबांचं उत्तर मला माहीत असतं, तरी मी करते. कधीकधी मी हातच लावलेला नसतो आणि ते म्हणतात, “उजवा.” माझं मन राखायला.

गेल्या शनिवारी असंच आवरून मी बॅटरी बंद करत होते. आई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. आबा दवाखान्यात होते तेव्हा तिचीही साखर तपासली होती, जेवणाआधीची १६८ आली होती. आबांच्या गडबडीत तो कागद कुठं गेला मला आठवत नाही. ती आत आली, पदर सावरून आबांच्या शेजारी बसली आणि काही न बोलता तिनं डावा पाय पुढं केला.

“दुखतंय का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं मान हलवली. टाचेला बोटभर लांबीची भेग होती. मी पुन्हा बॅटरी लावली. भेग काठोकाठ हळदीनं भरलेली होती.